एअर फ्रायरमध्ये कांद्याच्या रिंग्ज : तेल वरून नको, चुऱ्यात हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या कांद्याच्या रिंग्ज कापल्या, तळणीसाठी कालवतात तसं मैद्याचं सरसरीत पीठ केलं, त्यात बुडवून रिंग्ज एअर फ्रायरच्या बास्केटमध्ये लावल्या आणि २०० अंशांवर १५ मिनिटं ठेवल्या. निम्मं पीठ जाळीतून खाली गळलं, उरलेलं पांढरट आणि वातड झालं, आणि पहिला घास घेतला तर आतला कांदा अख्खाच्या अख्खा ओढून बाहेर आला. तेल फवारून पाहिलं, तापमान कमी-जास्त करून पाहिलं, पण काही फरक नाही. मग हे यंत्र या कामाचंच नाही का?

यंत्र कामाचं आहे. कृती तेवढी कढईची आहे. कृती तपासून त्यांची मोजमापं आणि वेळा बसवून देणं हे माझं काम. एअर फ्रायरमधल्या रिंग्जबद्दल कुणी विचारलं, की मी पहिली अट घालते : सरसरीत पिठाचा नाद सोडायचा. ती अट मान्य असेल तर पुढचं सगळं सोपं आहे. मान्य नसेल तर सरळ कढई चढवावी. तळलेला पदार्थ वाईट नसतो, अर्धवट जमलेला वाईट असतो.

पीठ का गळतं ते आधी पाहू, कारण ते कळलं की बाकीच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. एअर फ्रायर म्हणजे वरच्या बाजूला तापणारी कॉइल आणि तिच्यावर जोरात फिरणारा पंखा असलेला छोटा ओव्हन. फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात आपला एअर फ्रायर आणला, त्यानंतर कंपन्या वाढल्या, आकार वाढले, टचस्क्रीन आले, पण काम चालतं ते गरम हवेवरच. आता, १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण ट्रे काढायला हात घालतो, तेव्हा गरम झळ लागते, हात भाजत नाही. १८० अंशांच्या तेलात बोट बुडवायची कल्पनाही करवत नाही. तापमान एकच आहे, पण तेल हवेपेक्षा कित्येक पटींनी वेगानं उष्णता पोचवतं. सरसरीत पीठ तेलात पडलं की काही सेकंदांत त्याचं बाहेरचं कवच धरतं. मग आतली वाफ बाहेर पडायला धडपडते, पीठ फुगतं, बुडबुड्यांची जाळी तयार होते. हवेत तेच पीठ धरायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि तोवर ते खाली वाहून गेलेलं असतं. सोडा घालून किंवा बिअर घालून पीठ हलकं केलं असेल तर ते बुडबुडेही कवच धरायच्या आत निघून जातात. मागे राहतो तो चिकटाचा थर, आणि तो सावकाश सुकत सुकत वातड होतो.

पांढरेपणाचं कारण वेगळं. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, यंत्रावर २०० लिहिलेलं असलं तरी. खमंग तांबूस रंग धरायला वेग येतो तो साधारण १४० अंशांच्या आसपास, म्हणजे पाणी गेल्यावरच. आणि कांद्यात ८९ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. बाहेरचं आवरण सुकतंय तोवर आतून वाफ येतच राहते. त्यात कोरडं पीठ कुठे राहून गेलं असेल तर त्याला ना पाणी ना तेल, ते शेवटपर्यंत खडूसारखं पांढरंच राहतं. वेळ वाढवून हे सुटत नाही, कारण कांदा आत शिजत असतो. आठ-दहा मिनिटांत तो हवा तसा मऊ होतो, पंधरा मिनिटांत गळून जातो आणि जाता जाता सगळं पाणी आवरणाला देऊन जातो.

म्हणजे आपल्याला आवरण असं हवं, जे गळणार नाही आणि ज्याला रंग यायला कांद्यापेक्षा जास्त वेळ लागणार नाही. यावर माझं उत्तर एकच : ब्रेडचा चुरा वापरा आणि तो कांद्याला लावायच्या आधीच तेलात परतून बदामी करून घ्या. एअर फ्रायरला मग रंग आणायचं काम फारसं उरत नाही. कांदा शिजवणं आणि आधीच खमंग असलेलं आवरण कडक करणं, एवढंच उरतं, आणि ते त्याला उत्तम जमतं.

पटत नसेल तर फ्रोझन रिंग्जचं पाकीट उलटून मागे काय लिहिलंय ते वाचा. घटकांच्या यादीत बहुतेक वेळा तेल सापडतं. त्या रिंग्ज कारखान्यात एकदा अर्धवट तळून मग गोठवलेल्या असतात. तेल आधीच आवरणात मुरलेलं असतं, म्हणून त्या घरी तेलाचा थेंबही न घालता कुरकुरीत होतात, आणि आपण मात्र म्हणतो की बाजारच्या होतात, घरच्याच का होत नाहीत.

आता चुरा. जपानी पद्धतीचा पांको मिळाला तर तो घ्यावा. त्याचा ब्रेड भट्टीत भाजत नाहीत, पिठातून वीज सोडून शिजवतात, त्यामुळे त्याला तांबूस कड धरत नाही आणि चुरा बारीक न होता चपट्या, पोकळ कळ्यांचा होतो. या कळ्यांमधून वाफ निसटते, म्हणून तो जास्त वेळ कुरकुरीत राहतो. नाही मिळाला तर दोन दिवसांच्या शिळ्या ब्रेडच्या कडा काढून किसणीच्या जाड भोकांवर किसा. मिक्सरमध्ये भुगा झाला तर त्याचं आवरण घट्ट बसतं, चव चांगली लागते, पण कुरकुर कमी होते. गोडसर ब्रेड टाळा, साखरेमुळे तो फार लवकर काळवंडतो.

दोन मोठ्या कांद्यांसाठी, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम, १२० ग्रॅम चुरा आणि २ मोठे चमचे तेल पुरतं. चुरा पांकोचा असेल तर तो फुललेला दिसतो, मापानं दोन कप किंवा थोडा जास्तच भरेल, घाबरू नका. पसरट पॅनमध्ये चुरा आणि तेल थंड असतानाच बोटांनी नीट चोळून घ्या, मोहन चोळतो तसंच, म्हणजे एकही कळी कोरडी राहत नाही. मग गॅस मध्यमपेक्षा कमी. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही, चुरा तेल पिऊन एकमेकांना धरून बसतो. मग तो सुटा व्हायला लागतो आणि झाऱ्याचा आवाज बदलतो, ओलसर घसटणं जाऊन कोरडी सळसळ ऐकू येते. इथून पुढे पॅनकडे पाठ फिरवायची नाही. चार-पाच मिनिटांत फिकट बदामी रंग येतो आणि भाजलेल्या ब्रेडचा वास सुटतो. तुम्हाला शेवटी जो रंग हवा आहे, त्याच्या एक छटा अलीकडे गॅस बंद करून चुरा लगेच गार ताटात काढा. पॅनमध्ये ठेवला तर तो बंद गॅसवरही पुढे जातो. मीठ, मिरपूड, लसणाची पूड घालायची तर आता, चुरा कोमट असताना. लाल तिखट परतताना घालू नका, ते जळून कडवट होतं. एअर फ्रायरमध्येही ते उघड्यावर करपतं, म्हणून मी ते पातळ पिठात घालते, म्हणजे चुऱ्याच्या आत झाकलेलं राहतं.

तेल किती कमी करता येईल, हा प्रश्न येणारच. एका मोठ्या चमच्यात काम भागतं, पण रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो. तेल फक्त चवीला नसतं. दोन कळ्यांच्या मधल्या फटीत ते उष्णता पोचवतं, म्हणून रंग सारखा येतो. दोन चमच्यांच्या खाली मी जात नाही, आणि तीनच्या वर जाण्यात काही मिळत नाही.

कांद्याकडे वळू. मोठा, गोल, दाबला तर टणक लागणारा कांदा घ्या. कोंब आलेला नको, त्याच्या मधल्या पाती सुटतात आणि कडवटही असतात. रंगाचा आग्रह नाही. पांढरा किंवा पिवळा जरा सौम्य लागतो, लाल तिखटसर. गोडसर जातीचे कांदे चवीला छान, पण त्यांच्यात पाणी जास्त, तेव्हा ते अधिक काळजीनं पुसावे लागतात. कापण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलात तर डोळ्यांना त्रास कमी होतो आणि सुरीही स्वच्छ चालते. चकत्या १ सेंटिमीटर जाडीच्या. हे माप मी उगाच सांगत नाही. अर्ध्या सेंटिमीटरच्या चकतीतला कांदा आवरण कडक होईतो नाहीसा होतो आणि हातात नुसतं पोकळ कडं राहतं. दीड सेंटिमीटरला तो आत करकरीत कच्चा राहतो. बाहेरच्या चार-पाच रिंग्ज वापरा, मधला गाभा दुसऱ्या भाजीला.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे तुमचा कांदा ओढून बाहेर आला. कांद्याच्या प्रत्येक पातीच्या आतल्या बाजूला एक पारदर्शक, सुळसुळीत पापुद्रा असतो. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायला हाच सोलून काचपट्टीवर ठेवायचे. हा पापुद्रा दोन प्रकारे घात करतो. त्याच्यावर पीठ धरत नाही, म्हणून रिंगच्या आतल्या बाजूचं आवरण आधी सुटतं. आणि तो शिजूनही चिवट राहतो, दाताखाली तुटत नाही, म्हणून पाठोपाठ सगळा कांदा येतो. रिंग उजेडात तिरकी धरा, आतल्या कडेला एक सैल, चमकदार किनार दिसेल. नखाच्या टोकानं ती उचलायची आणि रिंगभोवती फिरवत सावकाश ओढायची. ताज्या कांद्यात ती मध्येच तुटते, चिडचिड होते. म्हणून दोन मार्ग.

घाई असेल तर रिंग्ज बर्फाच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा. पापुद्रा थोडा सुटा होतो, कांद्याचा उग्रपणाही पाण्यात उतरतो. सगळ्या रिंग्जचा निघणार नाही, जेवढ्यांचा निघेल तेवढा काढा.

वेळ असेल तर मला दुसरा मार्ग जास्त आवडतो : रिंग्ज पिशवीत घालून फ्रीझरमध्ये पूर्ण कडक होईपर्यंत ठेवायच्या, किमान दीड-दोन तास, रात्रभर राहिल्या तरी चालतं. मग साध्या पाण्याखाली वितळवायच्या. गोठताना पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात, आणि कांदा न शिजवताच मवाळ होतो. बाहेर काढल्यावर तो लोळागोळा दिसतो, हे बिघडलं असं वाटून फेकू नका. पापुद्रा आता जवळजवळ आपोआप हातात येतो, आणि कांदा आधीच मऊ असल्यामुळे शिजायला वेळही कमी लागतो. घास स्वच्छ तुटतो. फक्त पाणी फार सुटतं. स्वच्छ कोरड्या फडक्यावर पसरून, दुसरं फडकं वरून दाबून, प्रत्येक रिंग आतून-बाहेरून टिपून घ्यावी लागते. यात आळस केला तर पुढची सगळी मेहनत वाया. कांद्याला मीठ इथे लावायचं नाही, ते आणखी पाणी ओढून काढतं.

आवरणाचे तीन थर. पहिला कोरडा : पाऊण वाटी मैदा आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, थोडं मीठ. टिपलेल्या रिंग्ज यात घोळवायच्या आणि ताटाच्या कडेवर आपटून झटकायच्या. नुसती धूळ बसल्यासारखा थर हवा. जाड बसला तर तोच आतून सुटतो, कारण त्याच्या दोन्ही बाजू ओल्या होतात, पण मधलं पीठ कोरडंच राहतं. दुसरा थर चिकटवणारा : ८० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा मीठ आणि दीडशे मिलिलिटरच्या आसपास थंड पाणी. हे पीठ तळणीच्या पिठाइतकं दाट नको. चमचा बुडवून काढला की त्याच्या पाठीवर पातळ पडदा राहावा आणि बोटानं ओढलेली रेघ दोन-तीन सेकंद टिकावी. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवटपणा देणारं प्रथिन, नसतं, म्हणून आवरण चिवट न होता ठिसूळ होतं. तांदळाचं पीठ घातलंत तर आणखी कडक होईल, पण मी ते एखाद्या चमच्याच्या वर घालत नाही, नाहीतर गार झाल्यावर दातांना टोचतं. अंडं खात असाल तर या पिठाऐवजी दोन अंडी आणि चमचाभर दूध फेटून घ्या. अंडं लवकर धरतं आणि रंगही चांगला येतो. ग्लुटेन नको असेल तर मैद्याच्या जागी पूर्ण कॉर्नफ्लोअर आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं चालतं, चुराही तसाच ग्लुटेनविरहित ब्रेडचा घ्यावा लागेल. तिसरा थर अर्थातच परतलेला चुरा.

एक हात कोरड्याला, एक ओल्याला. हा नियम पाळला नाही तर चौथ्या रिंगेपर्यंत बोटांवरच आवरण चढतं. ओल्या हातानं रिंग पिठातून काढून जादाचं पीठ निथळू द्यायचं, चुऱ्याच्या ताटात सोडायची, कोरड्या हातानं वरून चुरा लोटायचा आणि तळव्यानं हलकेच दाबायचं. आतली कड विसरू नका, बहुतेकांच्या रिंग्ज तिथेच उघड्या पडतात. चुरा एकदम सगळा ताटात घेऊ नका, तिसरा भाग घ्या, ओलसर गोळ्या झाल्या की बाजूला करून नवा घ्या.

लावून झालेल्या रिंग्ज जाळीवर किंवा ताटात सुट्या ठेवून फ्रीजमध्ये २० मिनिटं. ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. या वेळात मैदा पाणी शोषून घेतो आणि तिन्ही थर एकमेकांना धरतात. उलटताना आवरण निघून बास्केटला चिकटतं अशी तक्रार असेल, तर नव्वद टक्के वेळा हा आराम दिलेला नसतो.

भाजणं त्या मानानं किरकोळ. यंत्र १९० अंशांवर ४-५ मिनिटं रिकामं तापवून घ्या. काहीजण ही पायरी निरर्थक मानतात. भाज्यांपुरतं ते खरंही आहे, पण इथे रिंग गरम जाळीवर पडली तर खालची बाजू लगेच धरते, थंड जाळीवर चिकटते. जाळीला तेलाचं बोट फिरवा. रिंग्ज एकाच थरात, एकमेकींत बोटभर अंतर ठेवून. लहान रिंग मोठीच्या पोटात ठेवली तर चालते, अंगाला अंग लागलं नाही पाहिजे. चार लिटरच्या बास्केटमध्ये सहा-आठच मावतात, हे आधीच मनाशी धरून चला. एकावर एक रचल्या तर जिथे दोन रिंग्ज टेकतात तिथे हवा जात नाही, वाफ अडकते आणि तो भाग सादळून बाहेर येतो. वरून तेलाचा हलका फवारा हवा तर मारा, पण चुऱ्यात तेल असल्यामुळे तो नसला तरी अडत नाही.

१९० अंशांवर ८ ते १० मिनिटं, पाचव्या मिनिटाला उलटून. उलटायला चिमटा नको, पातळ उलथनं किंवा दोन काटे. आवरण अजून पुरतं कडक झालेलं नसतं आणि चिमट्याचा दाब त्याला चिरतो. कांदा गोठवून वितळवलेला असेल तर ७ मिनिटांपासून बघायला सुरुवात करा. ड्रॉवर उघडल्यानं उष्णता जाते म्हणून उघडू नये, असं म्हणतात. या पदार्थात मात्र उघडल्यावर साठलेली वाफ जाते, तो फायदाच आहे. दुसरा घाणा मिनिट-दीड मिनिट आधी होतो, कारण यंत्र आता खरोखर तापलेलं असतं. पहिल्या घाण्याची वेळ तशीच लावून दुसऱ्या खोलीत गेलात तर करपलेल्या मिळतील. ट्रेवाल्या, ओव्हनसारख्या मोठ्या यंत्रात २-३ मिनिटं जास्त धरा आणि दोन ट्रे असतील तर मध्येच वरचा खाली, खालचा वर करा.

दोन सूचना यंत्राच्या जिवाच्या. लेसिथिन असलेले तयार कुकिंग स्प्रे नॉनस्टिक बास्केटवर मारू नका. त्यांचा चिकट थर बसतो, तो भाजला जाऊन निघता निघत नाही आणि मग घासता घासता लेप जातो. साधं तेल पंपाच्या बाटलीत भरा. आणि बेकिंग पेपर. तो खाली घातला की साफसफाई वाचते, पण हवाही अडते आणि रिंगची खालची बाजू मऊ राहते. इथे तो नकोच. घालायचाच झाला तर भोकांचा घ्या, आणि यंत्र तापवताना रिकामा पेपर आत ठेवू नका. पंख्याच्या झोतानं तो उडून वरच्या कॉइलला लागतो आणि पेट घेऊ शकतो.

काढलेल्या रिंग्ज ताटात ढीग करून नाही, टिश्यूवरही नाही, जाळीवर ठेवा. टिश्यू टिपायला निथळणारं तेल इथे नसतंच, उलट खालची वाफ त्यात कोंडते. मिठाची चिमूट याच क्षणी. सगळे घाणे झाल्यावर गार झालेल्या रिंग्ज १८० अंशांवर दोन मिनिटं परत आत घालून मग वाढल्या तर पहिली आणि शेवटची यांत फरक राहत नाही. सोबत काय, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. मला घट्ट दह्यात मोहरीची पेस्ट, लिंबू आणि मिरपूड एवढं पुरतं. फक्त डिप वाटीत वेगळं द्या, रिंग्जवर ओतू नका.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. या कृतीतून मिळतं ते कोरडं, खमंग, चुऱ्याचं कवच. पातळ पिठाचं फुगलेलं, जाळीदार, काचेसारखं फुटणारं कवच एअर फ्रायरमध्ये होत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. रिंग्ज पिठात बुडवून, फ्रीझरमध्ये टणक करून मग भाजण्याचा एक उपाय सांगतात. त्यात पीठ गळत नाही हे खरं, पण फुगतही नाही, आणि पोत पावाच्या सालीसारखा लागतो. ते कवचच हवं असेल तर तेलात तळा आणि एअर फ्रायर ठेवा तळलेल्या रिंग्ज परत गरम करायला : १८० अंशांवर ३ ते ४ मिनिटं. त्या कामात त्याला तोड नाही. मायक्रोवेव्ह त्याच रिंग्जचा लगदा करतो.

अख्खा कांदा फुलासारखा उमलवून करायचा प्रकारही एअर फ्रायरमध्ये करून बघावा असं अनेकांना वाटतं. अमेरिकेत १९८८ साली सुरू झालेल्या आउटबॅक स्टेकहाउस या रेस्टॉरंटच्या साखळीनं तो फार लोकप्रिय केला. दिसतो देखणा, पण पहिल्यांदाच करणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. कांद्याचा शेंडा कापून, बूड शाबूत ठेवून, बुडापासून सेंटिमीटरभर अंतर सोडून १२ ते १६ उभे छेद द्यायचे, बर्फाच्या पाण्यात तास-दीड तास ठेवून पाकळ्या उघडू द्यायच्या, मग पीठ, अंडं, पुन्हा पीठ. तेलात तो उलटा सोडला की तेल फटीफटीत शिरतं. हवा तशी शिरत नाही. पाकळ्यांची टोकं करपतात आणि बुडाशी ओलं पीठ राहतं. तरीही करायचाच तर कांदा मध्यम घ्या, पाकळ्या बोटांनी फाकवून प्रत्येकीच्या मुळापर्यंत तेल पोचवा, तापमान १७५ वर उतरवा, २० मिनिटांच्या आसपास लागतील, टोकं लवकर रंगली तर त्यांच्यावर फॉइल घट्ट दुमडून बसवा.

त्यापेक्षा पाकळ्या सुट्याच करा. कांद्याचे आठ उभे काप करायचे, बूड काढून टाकायचं, पाकळ्या वेगळ्या होतात. त्यांना वरचीच तीन थरांची कृती, १९० अंशांवर ७-८ मिनिटं, मध्येच एकदा बास्केट हलवून. चव तीच, घास एकाच वेळी तोंडात मावेल एवढा, आणि पापुद्र्याचा प्रश्न निम्म्यानं कमी, कारण पाकळी आखूड असल्यामुळे ओढून यायला काही उरतच नाही. पाहुण्यांसाठी स्टार्टर म्हणून मी रिंग्जपेक्षा याच सुचवते.

पातळ चिरलेला कांदा वरून भुरभुरवायला कुरकुरीत करण्याबद्दलही विचारणा होते. होतो, पण २०० अंशांवर नव्हे. चमचाभर तेल चोळून, १५० ते १६० अंशांवर, दर ३-४ मिनिटांनी हलवत, १५ ते २० मिनिटं. कड आधी काळी होते, मध्य मागे राहतो, म्हणून काप एकसारखे हवेत. मोठ्या प्रमाणावर लागत असेल तर कढईच बरी.

साठवायच्या असतील तर रिंग्ज लावून झाल्यावर, भाजायच्या आधी, ताटात सुट्या ठेवून गोठवा आणि टणक झाल्या की डब्यात भरा. त्यासाठी कांदा आधी गोठवून वितळवायची पायरी वगळा, पापुद्रा बर्फाच्या पाण्याच्या मार्गानं काढा. आवरणाच्या आत गोठताना कांदा तसाही मवाळ होणारच आहे. भाजताना बाहेर काढून ठेवायच्या नाहीत, वितळल्या की आवरण भिजून सुटतं. फ्रीझरमधून थेट तापलेल्या बास्केटमध्ये, १९० अंशांवर १० ते १२ मिनिटं, उलटणं सहाव्या मिनिटानंतर.